हरिचंद्रांची गोळी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. काळ्या दगडाची, लाकडी चौकटीची. बदलापूरजवळच्या सोनिवलीत, वेणूबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते. घरातली मुलं माझ्यावर गिरवून शाळेत गेली आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. उतारवयात हरिचंद्रांनी मला खाली काढलं. नवराबायको दोघांनाही रक्तदाब, आणि वेणूबाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचा हात हातात धरून हरिचंद्रांनी एकेक अक्षर गिरवून घेतलं. तेव्हापासून औषधं झाली की वेणूबाई लिहीत, ‘वेणू – घेतली’. खाली, ‘हरिचंद्र – दिली’. डॉक्टरांनीही कौतुक केलं. माझा ऊर भरून आला.

गेल्या वर्षी हरिचंद्र वारले. खालची ओळ थांबली.

मग एका दुपारी ती पुन्हा उमटली.

सून वैष्णवी कामावरून आली आणि माझ्यासमोर थबकली. अक्षर सासऱ्यांचंच: तीच तिरकी वेलांटी, ‘र’चा तोच लांब पाय. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी ओळ परत हजर. सासूबाईंना काहीच आठवत नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, म्हातारा घर सोडत नाही. वैष्णवीने सासऱ्यांचा औषधांचा डबा उघडला, तर गोळ्या खरंच कमी होत होत्या. तेव्हापासून तिला माझ्याकडे पाठ करायची भीती वाटू लागली.

मला सारं दिसत होतं, पण पाटीला तोंड कुठे? घर रिकामं झालं की वेणूबाई यायच्या. डोळे उघडे, नजर मात्र माझ्या आरपार. हात वेणूबाईंचा, अक्षराचं वळण हरिचंद्रांचं. लिहून झालं की त्या गोळी घेऊन रिकाम्या खाटेशी हळू आवाजात बोलायच्या, उत्तर ऐकल्यासारख्या थांबायच्या आणि गोळी स्वतःच्याच तोंडात टाकायच्या.

एकदा वैष्णवी लवकर घरी आली. वेणूबाई खाटेजवळ जमिनीवर बसल्या होत्या. अंग घामाने थबथबलेलं, ओठ पांढरे.

“आई, गोळी कुणाला दिली?”

“त्यांनाच. जेवान नको, पन गोली मांगतान.”

वैष्णवीची नजर रिकाम्या खाटेकडे गेली. तरी ती जवळ गेली.

“आई, गोळी तुमच्या तोंडात आहे.”

तिने बोट घालून ती बाहेर काढली आणि रिक्षाने सासूबाईंना कुळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोघांची औषधं एकाच अंगात गेल्याने रक्तदाब फार उतरला होता. आधीच दुःखाने हरपलेलं भान त्याने आणखी सुटत होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या.

हळूहळू वेणूबाई सावरल्या. आता वैष्णवी पाकिटावरचं नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेते, मगच गोळी. परवा वेणूबाईंनी पेन्सिल मागितली. स्वच्छ नजरेने, सावकाश लिहिलं, ‘हरिचंद्र – बंद’. आणि माझ्या चौकटीला कपाळ टेकून कितीतरी वेळ रडल्या.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवू नका. आजीआजोबांसोबत बसून पाकिटावरची नावं वाचा. आणि घरातलं कुणी रिकाम्या खाटेशी बोलताना दिसलं, तर पळू नका. जवळ जा, हात धरा आणि विचारा, आज काय गिळलंत?