शिट्टी होईपर्यंत

सासऱ्यांचं बालपण लढाईच्या दिवसांतलं. तेव्हा शाळेत शिकवलेलं त्यांना अजून तोंडपाठ होतं. भोंगा झाला की मिळेल त्या आडोशाला खाली बसायचं, कानांवर हात ठेवायचे. आईने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. दोन लांब शिट्ट्या झाल्या की मगच बाहेर. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा हा माणूस नातीला मात्र हे सगळं खेळ म्हणून शिकवी. ते तोंडानेच भोंगा काढत आणि एवढीशी चिमणी भुर्रकन गायब होई. जागा रोज नवी.

"शत्रूला कळता कामा नये," दोघं एका सुरात म्हणत.

"मामंजी, आता कोण येतंय बॉम्ब टाकायला?" सून शिलाई मशीन थांबवून हसे.

"आम्हीही असंच हसायचो, सूनबाई."

त्या दुपारी ती शिवलेले कपडे पोचवून परतली आणि दारातच वास आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस तसाच सुटलेला. तिने बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. सासरे खुर्चीत शांत बसले होते.

"मामंजी, चिमणी कुठंय?"

"कोण चिमणी?"

ती आतल्या खोलीत धावली. "चिमणे! ए बाळा!" खाटेखाली नाही. कपाटात नाही. पडद्यामागे नाही. सिलिंडरवाला मागेच बजावून गेला होता: वहिनी, गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, वास आला तर आधी पोराला उचला. आणि तिची पोर कुठेतरी जमिनीलगतच बसली होती, शहाण्या मुलीसारखी, ओ न देता.

"मामंजी, शिट्टी वाजवा. दोन लांब."

ते नुसते बघत राहिले. तिने स्वतःच ओठ आवळले. फुस्स. नुसती हवा.

मग तिने भोंगाच काढला, चढता, उतरता, छाती फुटेस्तोवर.

म्हातारा ताडकन उठला. एरवी जिना चढू न देणारे गुडघे झरझर स्वयंपाकघरात गेले. त्यांनी ओट्याखालचं दार उघडलं आणि अंग चोरून आत शिरू लागले. त्यांच्या खांद्यावरून तिला दिसली चिमणी: डब्यांमागे, कानांवर हात, मान कललेली.

त्यांना बाजूला सारून तिने फ्रॉकला धरून लेक ओढली आणि अंगणात पळाली. वाऱ्यावर पोर खोकली, ओकली, डोळे उघडले.

"झालं गं माझ्या राणी, संपलं. काढ हात."

चिमणीने मान हलवली. हात कानांवरच.

"शिट्टी नाही झाली," ती कुजबुजली. "आजोबा पण आत आहेत."

लेकीला पायरीवर टेकवून ती मागे वळली.

"मामंजी!"

आतून ओ आली नाही.