माटिसने सांधलेली नळी

बंदूक तयार होऊन भिंतीवर लटकत होती, नळीवर माटिसचं नाव ठोकून झालं होतं, आणि तरी गेले नऊ दिवस योस्ट हेख्लरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. समोर काळा पाव, त्यावर सफरचंदाचा दाट मुरंबा. म्हातारा नुसता पाव कुस्करत बसला होता.

"फेल्टन येईल एवढ्यात बंदूक न्यायला," सबीना म्हणाली. "बर्फ पडायच्या आत बायकोला घेऊन डोंगरापलीकडे जायचंय त्याला."

"मग येऊ दे की. मी काय दार लावून बसलोय?"

"दार उघडंच आहे. तोंड तेवढं बंद आहे तुमचं."

सबीना त्याची सून. माटिस, योस्टचा एकुलता एक, फेब्रुवारीत छातीच्या तापाने गेला; तेव्हापासून भट्टीचा भाता तीच ओढत होती. खरं तर आधीही तीच ओढायची, गावाला माहीत नव्हतं एवढंच. आणि जीभ अशी, की कानस लावली तर कानसच झिजावी.

जाण्याआधी दहा दिवस माटिसने ही नळी सांधली होती. अंगात ताप फणफणलेला, आणि "बाबा, एवढी एक होऊ दे," हा हट्ट. लोखंडाची लांब पट्टी सळईभोवती वळवायची आणि वीत-वीत तापवून घणाखाली कडेला कड चिकटवत न्यायची, असं ते काम. एकट्याने होत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने मारायचं. लोखंड पांढरंशुभ्र असेल तरच जोड धरतो. लाल झालं की वरून जुळल्यासारखं दिसतं आणि आत फट राहते. त्या दिवशी मागच्या टोकापासून दोन वीत पुढे एका जागी काम आलं, आणि माटिसला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत लोखंड लालावर उतरलं होतं. योस्टने ते पाहिलं. 'परत भट्टीत घाल' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण पोरगं कसंबसं उभं होतं. बापाने घण उचलला आणि मारला.

मग उन्हाळाभर म्हाताऱ्याने ती नळी एकट्याने पुरी केली. आतून पोखरली, पिळाचे सात चर कोरले, मेपलच्या लाकडाचा दस्ता घासून घासून असा केला की गालाला लागला तर गार वाटावं. दस्त्यातल्या पितळी डबीवर ट्यूलिपचं फूल काढलं, कारण माटिस तेच काढायचा. काम चालू होतं तोवर पोरगं शेजारी उभं आहे असं त्याला वाटे. आणि मग पारखायचा दिवस आला.

पारखायचं म्हणजे नुसती नळी झाडाच्या बुंध्याला आवळून बांधायची. तीत बंदुकीची दारू नेहमीच्या दुप्पट आणि गोळ्या दोन ठासायच्या, आणि लांब काठीला पेटती सुतळी बांधून भिंतीआडून बत्ती द्यायची. टिकली, तरच तिच्यावर नाव ठोकायचं. नाव दिसलं की त्या खोऱ्यात कुणी पुढे एक शब्द विचारत नाही. हे सगळं कारागीर एकटाच करतो, साक्षीला देव. योस्टने दारूचं एक माप ओतलं, दुसरं भरलं, आणि दारूच्या शिंगात परत रिकामं केलं. गोळीही एकच. नळी टिकली. नेहमीच्या एका बाराने तिला काय होणार होतं? मग त्याने पोराचं नाव ठोकलं आणि तिथेच बुंध्यापाशी बसून रडला.

"बाबा, एक विचारू?" सबीनाने भांडी आवरता आवरता म्हटलं. "त्या दिवशी कोंबड्या का नाही पळाल्या?"

"काय?"

"आठ वर्षं झाली मला या घरात. नळी पारखली की कोंबड्या कुंपण ओलांडून जातात आणि दोन दिवस अंडं देत नाहीत. या खेपेला एकीनेही मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पाच अंडी निघाली."

"सवय झाली असेल त्यांना."

"हो, शहाण्या झाल्या असतील. घरात कुणीतरी व्हायलाच हवं."

म्हातारा पावाचा चुरा गोळा करू लागला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्याला का कळत नव्हतं?

तेवढ्यात बाहेर घोडा थांबला आणि फेल्टन वाकून दारातून आत आला. ताडमाड गडी, लहानपणी माटिसबरोबर ओढ्यात डुंबलेला.

"योस्टकाका, आणा माझी नवरी बाहेर!"

"हळू बोल," सबीना म्हणाली. "खरी नवरी अंगणात उभी आहे, ऐकेल."

फेल्टन हसला. त्याने बंदूक उतरवून उजेडात धरली आणि नावावरून अंगठा फिरवला. त्याचं हसू ओसरलं. "माटिसचं नाव आहे. मग मला काही बघायला नको, काका. डोळे मिटून बार काढीन." असं म्हणून त्याने दस्ता खांद्याला लावला. डावा हात नळीखाली आपोआप पुढे सरकला आणि थांबला तो नेमका त्या जागी. मागच्या टोकापासून दोन वीत.

"खाली ठेव," योस्ट म्हणाला.

"का हो?"

"खाली ठेव म्हणतो ना! ही पारखलेली नाही."

"चेष्टा करताय काय? नाव आहे की वर."

"नाव खोटं आहे. माझ्या हाताने ठोकलंय मी. आणि तू ज्या जागी हात लावलायस ना, तिथला जोड धरलेला नाही. घण मीच मारला होता. मला माहीत होतं."

फेल्टनने बंदूक बाकावर ठेवली. "काका, बायको पोटुशी आहे. डोंगरापलीकडे माझा हात गेला असता, तर तिने खाल्लं काय असतं?"

योस्टने बंदूक उचलली. त्याने खुंट्या ठोकून काढल्या, नळी दस्त्यातून सोडवली आणि परसात नेऊन बुंध्याला बांधली. फेल्टनच्या डोळ्यांदेखत दोन मापं दारू ओतली, दोन गोळ्या ठासल्या. सगळे भिंतीआड गेले. सबीनाने सुतळी पेटवून काठी सासऱ्याच्या हातात दिली.

बार झाला आणि कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या.

नळी वीतभर उकलली होती, शेंग उकलते तशी. फुटलेल्या कडा आतून काळ्याच होत्या. त्या कधी जुळल्याच नव्हत्या. फेल्टनने डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ आपल्या डाव्या पंजाकडे पाहत राहिला.

"बर्फाला किती दिवस आहेत?" योस्टने विचारलं.

"तीन आठवडे. फार तर."

"तीन आठवड्यांत देतो."

"पारखल्याची देवाची शपथ घ्या, काका," फेल्टन म्हणाला. "नाव नको."

तो गेला. हे बोलणं म्हाताऱ्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं, आणि ते त्याच्याच वाट्याचं होतं म्हणून त्याने मुकाट्याने घेतलं. मग तो फुटलेली नळी घेऊन भट्टीपाशी आला.

"कोपऱ्यात नवी पट्टी आहे," सबीना म्हणाली.

"हेच लोखंड घेऊ. लोखंड चांगलं आहे."

"नाव फुटीला लागूनच आहे, बाबा. जाईल ते."

"जाऊ दे."

तिने एप्रनच्या टोकाने डोळे टिपले आणि भाता धरला. निखारे फुलले. नळी पांढरी झाली, योस्टने ती ऐरणीवर घेतली आणि दोन घाव घातले. दोन घावांत 'हेख्लर' सपाट झालं. 'माटिस' तेवढं उरलं होतं. त्याचा घण वरच राहिला. तो त्या अक्षरांकडे बघत उभा राहिला, आणि बघता बघता लोखंड लालावर उतरलं.

"परत भट्टीत घाला," सबीना म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वळून नळी परत निखाऱ्यांत घातली. ती दुसऱ्यांदा पांढरीशुभ्र बाहेर आली, तेव्हा त्याने सांडशी आपल्याकडे ठेवली आणि घण सुनेच्या हातात दिला.

"मार," तो म्हणाला.