देवमनची काठी आणि एकुलता एक चेंडू

मी बोलतेय, गोल्फची काठी. लाकडी डोक्याची, लांब पल्ल्याची. रिठद गावात मला कोणी म्हैस हाकायला मागतं, कोणी बोरं पाडायला. मी रागावत नाही, पण माझं खरं काम सांगून टाकते.

कळायला लागलं तेव्हा मी कामठीच्या छावणीत एका साहेबाच्या पिशवीत होते आणि पिशवी रिठदहून कामाला आलेल्या देवमनच्या खांद्यावर. अकरा वर्षं त्यानं ती वाहिली. साहेब धिप्पाड, पण चेंडू जेमतेम चार पावलं जाई. देवमन हळूच सांगे, पाय खांद्याइतके फाकवा, चेंडू डाव्या टाचेसमोर घ्या. मग चेंडू असा सुटे, की साहेब स्वतःच्याच मनगटाकडे कौतुकानं बघे. माणसांचं हे असंच असतं.

साहेबाची बदली झाली. जाताना त्यानं मला देवमनच्या हवाली केलं, सोबत एक चेंडूही दिला. चौऱ्याहत्तर साली आम्ही गावी आलो. या काठीनं चेंडू गायरानाकडेच्या पांदणीच्या गाडीवाटेपलीकडे जातो, असं देवमननं सांगितलं आणि गावानं त्याचं नाव थापाड्या ठेवलं. बिचाऱ्यानं पारावर बसणंच सोडलं. मला फार वाईट वाटे.

शेवटी शेजारचा शेषराव म्हणाला, "थापाड्या, एकडाव मारून दाखव, नाहीतर हे बोलणं सोड."

ज्वारी निघाल्यावर गाव गायरानावर जमलं. देवमननं आजवर दुसऱ्यांनाच उभं केलेलं. स्वतः कधी मारलंच नव्हतं. त्यानं पाय जुळवले, मला कुऱ्हाडीसारखं उगारलं आणि हाणलं. ढेकूळ उडालं, चेंडू जागेवरच. हशा पिकला.

"काहून एवढा जोर लावून राह्यले?" त्याची बायको चंपाबाई म्हणाली. "साहेबाले जसं उभं करत होते, तसे सोता उभे राहा ना."

देवमन थांबला. पाय फाकवले, चेंडू डाव्या टाचेसमोर घेतला, उजवा खांदा जरा खाली सोडला, मूठ सैल केली. मला मोकळं वाटलं. चेंडू पांदण ओलांडून जो गेला, तो आजवर सापडला नाही.

शेषराव चपला काढून पुढे आला. "मास्तर," तो म्हणाला, "मले उभं करा."

आता माझं डोकं चिरलंय, सुतळीनं बांधलंय. चिंध्यांच्या चेंडूवर भागवतो. शेजारच्या केनवड गावाहूनही लोक येतात. तुम्हीही या, जमलं तर एखादा खरा चेंडू आणा. देवमन मास्तरांचं घर विचारा. अंगणात कोणीतरी पाय फाकवून उभं असेलच.