उणे आकडे

गौरांगला गोडं पाणी शोधायचं होतं, आणि भातकुलीच्या खारपाण पट्ट्यात ते काही सोपं काम नाही. जमिनीत सळ्या ठोकायच्या, वीज सोडायची आणि माती ती किती अडवते ते यंत्रावर वाचायचं. अमरावतीच्या या हुशार पोराच्या हाताखाली सळ्या ठोकायला जाईबाई होती. शेताला लागूनच तिची झोपडी. पन्नाशीची बाई, पण हातोडा असा चालवायची की गौरांग दोनदा "वा, मावशी!" म्हणाला.

अकराला शेतीची लाइन आली आणि आकडे बिथरले. एकाच जागी बारा, मग चाळीस, मग उणे सात. मातीचा आकडा उणे कसा येईल? कुठून तरी बाहेरची वीज घुसत होती. डोक्यावर तारा नव्हत्या, खांबही लांब होता. धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, सरकलं की मात्र गोंधळ वाढायचा, आणि धुऱ्यावर शेतमालक नत्थुजींनी परवाच ताणलेलं तारेचं कुंपण होतं. नीलगाई हाकलायच्या झटका मशीनचा करंट टोचे मारत येतो, हा सलग होता. मोटारीची लाइन सरळ तारेत सोडलेली.

त्याने नत्थुजींना बाजूला घेऊन तारेतल्या विजेबद्दल विचारलं.

"रोही हरभरा खाऊन राह्यले, साहेब," नत्थुजी म्हणाले. "तुमी पान्याचं पाहा. नाही तं मशीन उचला अन् जा."

संध्याकाळपर्यंत काम उरकायचं होतं. गौरांग यंत्राकडे परतला. सळ्या तेवढ्या त्याने धुऱ्यापासून तीस फूट आत घ्यायला लावल्या.

"काहून, साहेब?" जाईबाईने विचारलं.

"इकडे रीडिंग खराब येतं."

झालं. सळ्यांची काळजी घेतली पठ्ठ्याने, बाईची नाही. घरी येऊन त्याने लॅपटॉपवर लाइनचा तो सगळा गोंगाट गाळून काढला, उणे आकडे खोडले. रेघ सुरेख उतरली. वरिष्ठही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाईबाई धुऱ्यावर गवत कापायला गेली. तिचा विळा तारेला लागला, ती जागीच गेली. पोलीस येईपर्यंत नत्थुजींनी तार गुंडाळून ठेवली होती. बाई झोपडीसाठी खांबावर आकडा टाकून वीज चोरत होती, असं त्यांनी सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं.

आठ दिवसांनी तिची मुलगी आकांक्षा अमरावतीला आली, पत्ता शोधत.

"माय सांगत होती, धुऱ्यापाशी तुमची मशीन बिघडे. थो कुंपनातलाच करंट होता ना, साहेब? मले आकडे दाखवा. ठाण्यात नेतो."

मूळ फाइल लॅपटॉपमध्येच होती. ती दाखवली असती तर नत्थुजी सापडले असते. आणि "तुला माहीत होतं ना?" हा प्रश्न त्यालाही कुणीतरी विचारला असता. त्याने गाळलेली फाइल उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"बघ. काहीच नाही."

आकांक्षा त्या सुरेख रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"मंग माही माय चोरच होती म्हना."

"तसंच दिसतंय," गौरांग म्हणाला.