सात नंबरच्या बाटलीतलं पाणी

मी एक जुनी काचेची बाटली आहे. पण मित्रांनो, माझ्यातून आजवर कुणी घोटभरसुद्धा पाणी प्यायलेलं नाही. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे पाहायचं असलं की ते माझ्यात भरून आणतात. एका इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिलच्या प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या फळीवर माझी जागा आहे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेत फुंकर घालून मला घडवलं. मग माझं काचेचं बूच माझ्याच गळ्यात बसवून, बारीक वाळू घालून, तासभर घासलं. म्हणून ते बूच फक्त मलाच बसतं. माझ्या खांद्यावर सात आकडा कोरला आणि बुचावरही सात. आम्ही बारा जणी पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून कॉलेजात आलो.

तिथे आमचा सांभाळ सटवाजी करत. ते प्रयोगशाळेतले शिपाई. पण आमची काळजी त्यांनी जशी घेतली, तशी फार थोड्या वस्तूंच्या नशिबी येते. ते आम्हाला धूत, उलटं ठेवून वाळवत, बुचावर खाकी कागदाची टोपी घालून दोऱ्याने बांधत आणि तापलेल्या पेटीत ठेवत. त्या आचेत आमच्या आतला शेवटचा जंतूही मरे. मग विद्यार्थ्यांना बाटली देताना दर वेळी तेच बजावत, "हिच्या तोंडाला हात लावायचा न्हाई. हिला इसळायचं न्हाई. बुडाला धोंडा बांधून इहिरीत सोडायची, हातभर खोल जाऊ द्यायची, अन् भरली की सहा-आठ घंट्यांत माज्याकडं."

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना टर्म वर्कमध्ये आपापल्या गावच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करावी लागे. सगळेच काही गावी जात नसत, बरं का. कितीतरी जण आम्हाला होस्टेलच्या नळाखाली धरत आणि जर्नलमध्ये लांबलांबच्या गावांची नावं लिहीत. सटवाजी बूच काढून वास घेत आणि म्हणत, "काय रे, तुज्या गावच्या इहिरीला क्लोरिनचा वास कुठून आला? नळ हाय का तुज्या इहिरीत?" मुलं हसत. मला मात्र हसू येत नसे. माझ्यावर लावलेल्या चिठ्ठीवर खोटं नाव असलं तरी मला ते खोडता येत नाही.

पंडित तसा नव्हता. शहाऐंशी साली पोळा झाल्यावर त्याने मला नेलं ते खरोखरच त्याच्या गावी. परभणी जिल्ह्यातलं गाव. देवगाव फाट्याला एसटीतून उतरायचं आणि पुढे तासभर चालायचं. येताना बाटलीतलं पाणी गार ठेवायला लागेल म्हणून त्याने फाट्यावरच्या गोळेवाल्याला बर्फ राखून ठेवायला सांगितलं होतं. पिशवीत दोरी होती, धोंडा होता आणि टॉवेलात गुंडाळलेली मी होते.

गावची विहीर पंडितच्या वस्तीची नव्हती. बौद्ध वस्तीला खालच्या अंगाला वेगळा आड होता. पण सारी लेकरं ज्या शाळेत जात, तिथला माठ याच विहिरीवरून भरला जाई, म्हणून पंडितने तीच निवडली. तिचा ओटा जागोजागी फुटला होता. बायका धुणं धूत होत्या आणि ते साबणाचं, शेणामातीचं पाणी भेगांतून परत आत झिरपत होतं. पंडितने त्या भेगा पाहिल्या. मीही पाहिल्या.

तो विहिरीपासून दहा पावलांवर थांबला. "कॉलेजात तपासायला पाणी पाहिजे होतं," तो म्हणाला. एका बाईने आपली घागर जवळ ओढून घेतली. तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता आणि गाव आणि वस्ती यांच्यातलं बोलणं जवळजवळ तुटलं होतं.

विहिरीला लागूनच सरपंच माणिकरावांचं घर. त्यांची आई धुरपताबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोन रं ते? सरजाबाईचा पंडित का?"

"हो, माय."

"इंजेर व्हायलास म्हनं."

"व्हायलोय. अजून दीड वरीस हाय."

"मंग इंजेरानं असं उनात उभं ऱ्हावं का? ये, वट्यावर बस. अन् ती बाटली आण हिकडं, म्या भरून देते."

"माय, ती दोरीनं इहिरीत सोडावी लागती. मीच..."

"तू कशाला इहिरीवर जातूस? उगं बायका कलकल करतील. आण म्हनते ना!"

मित्रांनो, पंडितला नियम पाठ होते. पण त्या दारात त्याला 'बस' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो क्षणभर घुटमळला आणि त्याने मला तिच्या हातात दिलं. ओट्यावर तो घराकडे पाठ करून बसला. कुणाच्या घरात डोकावू नये, एवढं त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

धुरपताबाईच्या मागोमाग तिची नात आत आली. छबी तिचं नाव, चार वर्षांची. तिने माझ्या अंगावर बोट फिरवलं.

"आज्जे, हिच्यात अवशद हाय?"

"न्हाई गं. आपलं पानी शेरात न्यायचंय. सायेब लोकं बघत्यात तिथं."

धुरपताबाईने माझी खाकी टोपी फाडली, राखेने मला आतून घासलं आणि कढत पाण्याने तीनदा विसळलं. सटवाजींनी पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. मग ती माठाकडे वळली आणि थांबली. माठात सकाळीच विहिरीवरून आणलेलं पाणी होतं.

"असलं कच्चं पानी द्यावं का सायबाला?" ती स्वतःशीच म्हणाली. "गावाचं नाव जायचं."

आतल्या खोलीत तिची सून कौसाबाई बाळंतीण होती, बारा दिवसांची. तिच्यासाठी रोज पाणी उकळून, पांढऱ्या धडप्यातून गाळून, देवाजवळच्या तांब्याच्या घागरीत ठेवलेलं असे. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी ते. धुरपताबाईने त्यातलंच माझ्यात भरलं.

"मला बी दे," छबी म्हणाली.

"ते तुज्या मायचं हाय. तू ह्यातलं पे." आणि धुरपताबाईने माठातलं पाणी तांब्याने काढून तिला दिलं. छबीने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने झग्याला पुसलं. मी पाहत होते. मला तोंड आहे, मित्रांनो, पण आवाज नाही.

मला बाहेर आणून दिलं. पंडितला चहाही मिळाला. त्याच्यासाठी ओट्याच्या कोनाड्यातला, कान तुटलेला, वेगळा ठेवलेला कप काढला होता. माझ्यासाठी देवाजवळची घागर आणि त्याच्यासाठी तो कप. मला याचा अर्थ तेव्हा कळला नाही. पंडितने चहा पिऊन कप स्वतः विसळला आणि परत कोनाड्यात ठेवला.

कॉलेजात माझ्यातलं पाणी जांभळ्या रसाच्या पंधरा नळ्यांत घातलं. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी ठेवलेली असते. पाण्यात घाणीतले जंतू असले की रस पिवळा पडतो आणि उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. दोन दिवस गेले. एकही नळी पिवळी झाली नाही. एकही बुडबुडा आला नाही.

पंडितला त्या भेगा आठवल्या असाव्यात, कारण तो बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिला. पण डोळ्यांपेक्षा नळ्यांवर विश्वास ठेवायला तो शिकत होता ना! त्याने लिहिलं, 'पाणी पिण्यास योग्य.' सरांनी दहापैकी नऊ दिले. गावाला बरं वाटेल म्हणून त्याने एक नक्कल माणिकरावांना पोस्टाने पाठवली.

सटवाजी दोरी गुंडाळून ठेवत होते. "पंडित, तू आलास तवा दोरी कोरडीच होती की रं," ते म्हणाले. पंडित तेव्हा घाईत होता. हसला आणि गेला.

तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा हसत नव्हता. त्याच्या हातात आईने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं पत्र होतं. विहिरीत दर आठवड्याला जंतू मारायची पावडर पडत असे. गावाला तिचा वास आवडत नव्हता. चहा बिघडतो म्हणत. पंडितचा कागद आल्यावर माणिकरावांनी पावडर टाकणाऱ्या माणसाला तो दाखवला आणि परत पाठवलं. आता घरोघर लेकरांना हगवण लागली होती.

सटवाजींनी पत्र ऐकलं. मग हळूच विचारलं, "पानी तू सोताच्या हातानं काढलं होतंस का?"

पंडित स्टुलावर बसला आणि त्याने मान खाली घातली.

त्याच दिवशी तो मला घेऊन निघाला. या वेळी विहिरीवर कुणीच नव्हतं. माणिकरावांच्या दाराला कुलूप होतं. छबीला सेलूच्या दवाखान्यात नेलं होतं. पंडितने मला दोरीने खाली सोडलं. पाणी गार होतं आणि मित्रांनो, काय नितळ होतं! त्यात तळाचा दगडसुद्धा दिसत होता. अशा पाण्याला कोण वाईट म्हणेल? ते बुडबुडत माझ्यात शिरलं. या वेळी मी खरं तेच घेऊन निघाले होते, पण बर्फाच्या डब्यात बसून मला वाटत होतं, एसटी किती सावकाश चाललीय!

दुसऱ्या दिवशीच पंधराच्या पंधरा नळ्या पिवळ्या झाल्या.

पंडित नवा कागद घेऊन गावात पोचला तेव्हा छबीला जाऊन एक दिवस झाला होता.

पावडर टाकल्यावर पुन्हा पाणी घ्यायचं म्हणून मी त्याच्या हातात होते. चावडीपुढे माणसं जमली होती. माणिकरावांनी दोन्ही कागद दोन हातांत धरले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"एक इहीर, एक बाटली, अन् दोन कागद. खरा कंचा?"

"दुसरा, भाऊ. पहिल्या वेळी पाणी घेण्यात माझी चूक झाली."

"काय चूक झाली?"

भिंतीला टेकून धुरपताबाई बसली होती. पंडितने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंग दुसऱ्या वेळी चूक न्हाई झाली कशावरून?" मागून कुणीतरी म्हणालं. "नामांतराचा राग आमच्या इहिरीवर काढायलास का?"

"तसं न्हाई, काका. पाया पडतो, पावडर टाका. बाकी मला काय बी म्हना."

त्याला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. ते वाक्य त्याच्या तोंडात होतं आणि ते पाणी माझ्या आठवणीत होतं. आम्ही दोघेही गप्प होतो. तो तिच्यासाठी आणि मी काचेची म्हणून.

"माणिक," धुरपताबाई म्हणाली, "त्याला बोलू नगस. पयल्या बारी त्या बाटलीत इहिरीचं पानी नव्हतंच. ते म्या भरलं. कौसीसाठी उकळलेलं. घरातलं चांगलं म्हनून."

माणिकराव दोन्ही कागद घेऊन तिथेच खाली बसले.

संध्याकाळच्या आत पावडर पडली. पुढच्या महिन्यात विहिरीच्या ओट्याच्या भेगाही सिमेंटने बुजवल्या. पावडर टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पंडितने मला विहिरीत सोडलं तेव्हा बायका शेजारीच पाणी शेंदत होत्या आणि कुणी घागर ओढून घेतली नाही. त्या पाण्याच्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. तो कागद चावडीच्या भिंतीला चिकटवला. मी पंडितच्या पिशवीत होते. धुरपताबाई आली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्याच्यात काय काय लिवलंय रं?"

"गावाचं नाव, माय. इहीर कुठली ते. तारीख, वेळ, पाणी कुणी घेतलं ते."

"छबीचं नाव हाय का?"

"न्हाई, माय."

ती कागदावर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि घरी गेली.

आता माझ्या काचेला ओरखडे पडलेत. नव्या बाटल्या आल्या, मला क्वचितच कुणी नेतं. जी मुलं नेतात त्यांना मी हे सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू कुणाची बाजू घेत नाहीत आणि कुणाला सावधही करत नाहीत. जे आत घालाल तेवढंच आम्ही दाखवतो. उद्या तुम्ही अशी बाटली घेऊन कुणाच्या दारी गेलात, तर मानाने बसवलं तरी आणि हाकललं तरी पाणी आपल्या हाताने काढा. आणि तुमच्या दारी कुणी बाटली घेऊन आलं, तर घरातलं चांगलं निवडून देऊ नका. तुमची लेकरं रोज पितात, तेच तिच्यात भरा.