ओटीतलं पिल्लू

२००२ सालचा डिसेंबर. पाऊस पडता पडताच गोठला आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलची झाडं काचेची झाली. सकाळीच वीज गेली.

"आजी, मी जनरेटर घेऊन येते," जाकीट चढवत हिमानी म्हणाली. नंदाबाईंची ही नात वॉलबी पाळणाऱ्या एका फार्मवर कामाला होती. कांगारूचं हे धाकटं भावंडच. त्यातलं आई मेलेलं एक मांजराएवढं पिल्लू तिनं घरी आणून कापडी पिशवीत ठेवलं होतं. "फार्मवरचे बाकीचे बेनेट जातीचे आहेत, त्यांना स्नो चालतो. हे एजाइल जातीचं, गरम मुलखातलं. थंडी लागू देऊ नकोस. आणि दचकवू नकोस हं, ते नुसत्या भीतीनं मरतं."

"म्हणजे माझ्यावरच गेलंय की!"

हिमानी हसत हसत गेली.

पिशवीखालची विजेची गादी गार पडली. पिल्लू कापू लागलं. बाहेर गोळी सुटावी तशा फांद्या कडाडत होत्या, आणि दर आवाजाला पिशवी उसळत होती. नंदाबाईंनी ती छातीशी धरली. पोरीनं विश्वासानं सोपवलेला जीव! बाळंतिणीच्या खोलीत काय करतात ते त्यांना ठाऊक होतं. मागच्या अंगणातली कोळशाची ग्रिल त्यांनी आत ओढली, निखारे फुलवले, दारं-खिडक्या गच्च लावल्या. आपली चारही लेकरं त्यांनी अशीच शेकली होती.

ऊब आली. पिल्लू शांत झालं. मग फारच शांत झालं.

त्यांनी हलवून पाहिलं, तर मान लुळी पडली. उठायला गेल्या तर गुडघ्यांत बळ नाही, कपाळ ठणकतंय. धूर तर कुठंच दिसत नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं. गावच्या खोलीला कौलं होती, फटी होत्या. इथं मुंगी शिरायला जागा नाही; कोळशाचं विष जाणार कुठून?

पिल्लू ओटीत खोचून त्या रांगत दाराशी गेल्या. कुलपाची कळ बोटांतून निसटत होती. एकदा, पुन्हा एकदा. शेवटी दार उघडलं आणि बोचरी हवा अंगावर आली.

आता थंडीनं जायचं हे! लुगड्याचा पदर पोटाभोवती घट्ट आवळून त्या उंबऱ्यातच बसल्या. फांदी कडाडली. आपलं काळीज पिल्लाच्या कानाशीच धडधडतंय, हे जाणवून त्या लांब लांब श्वास घेत राहिल्या.

"ओ माय गॉड! आजी, ग्रिल आत कोणी आणली?" हिमानीनं त्यांना धरून ओसरीवर ओढलं.

"मीच. आधी ओटीत हात घालून बघ. माझा धीर होत नाही."

नंदाबाईंनी डोळे मिटले. हिमानीनं ओटीत हात घातला.

"काय गं?"

"लाथ मारली त्यानं."

नंदाबाईंनी डोळे उघडले. पण ओटीवर पदर आवळून धरलेली मूठ काही केल्या उघडेना.