भैय्याजींच्या पायरीवरचं लिंबू

सकाळी बरोबर सव्वासहाला कौशल्यानं मला बाळावरून उतरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. पंचाहत्तरचा उन्हाळा होता. मी लिंबू बोलतोय.

त्याआधी मी सीताबर्डीच्या बाजारात टोपलीत बसलो होतो, सरबतात जाईन म्हणून खुशीत. पण कौशल्याचं बाळ सारखं किरकिर करत होतं. नजरच लागली, असं तिनं धरलं. उतारा म्हणून मला जरीपटक्याच्या चौकात ठेवलं आणि मागे न बघता घरी पळाली.

मी थांबलो असतो हो, पण गोल अंगाला थांबणं जमतं का? घरंगळत घरंगळत भैय्याजींच्या किराणा दुकानाच्या पायरीला टेकलो. तिथं आधीच कितीतरी सुकलेली लिंबं पडली होती.

भैय्याजी भडकले. "कोण करणी करून राहिलं माझ्यावर? नाव कळू द्या, खोलीच खाली करून घेतो त्याची!"

गल्लीतल्या खोल्या त्यांच्याच. कौशल्याही त्यांचीच भाडेकरू. तिच्या हातून स्टोव्हवरचं दूध उतू गेलं.

भैय्याजींनी कॉलेजातल्या चारुशीलाबाईंना बोलावलं. त्या भूगोल शिकवायच्या, पण 'जागेचं पाहतात' एवढंच भैय्याजींच्या कानावर आलं होतं. बाईंनी मला चौकात नेऊन सोडलं. मी पायरीशी. पुन्हा नेलं, पुन्हा पायरीशी. बाई इतक्या खूश झाल्या की खडूनं रस्ताभर रेघा मारल्या आणि एक संत्रं आणून तेही सोडलं. तेही आलं.

कौशल्या बाळाला कडेवर घेऊन धावत आली. हळूच म्हणाली, "बाई, त्याले वर नका नेऊ ना! काढलेली नजर वापस येऊन राहिली!"

बाईंनी तिच्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. मग हातावरचा खडू झटकून दुकानाकडे वळल्या.

"सापडलं काय नाव?" भैय्याजींनी विचारलं.

"सापडलं. उतार."

"उताराच तर म्हणून राहिलो मी! पण ठेवते कोण?"

"उतारा नाही हो, उतार. चौक उंच, तुमची पायरी खाली. पावसाळ्यात दुकानात पाणी शिरतं ना?"

"दरसाल. साखर भिजते."

"ते याच लिंबाच्या वाटेनं येतं. पायरीपुढं विटांचा बांध घाला."

"घालतो. पण खोली कोणाची खाली करू?"

"उताराची करा."

बांध झाला. कौशल्याची खोली राहिली.

आता मी बाईंच्या टेबलावर आहे, नागपूरच्या नकाशावर वजन म्हणून. सुकून कडक झालोय. सरबताचं राहूनच गेलं. बाई सांगत होत्या, कौशल्या अजून रोज दार लावताना उंबरठा बघते, मी परत आलो की काय म्हणून.

तिकडे कोणी जाणार असाल तर तिला एवढं सांगा, टेबल सपाट आहे.